विंटरबेरी हॉली आणि हिवाळ्यातले लाल अंगण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणात मे ते ऑक्टोबरपर्यंत मिरच्या, टोमॅटो, मेथी आणि झेंडू यांची रेलचेल असते. त्यानंतर थंडी पडते, वाफे उपसले जातात आणि पुढचे पाच महिने खिडकीबाहेर करड्या फांद्या आणि मळकट बर्फ यांखेरीज काही दिसत नाही. मी न्यू जर्सीत राहते. या पाच महिन्यांसाठी मी अंगणात विंटरबेरीची झुडपे लावली, तेव्हापासून ओळखीची माणसे त्यांच्याबद्दल विचारत आली आहेत. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची सविस्तर उत्तरे येथे दिली आहेत.

विंटरबेरी म्हणजे नेमके कोणते झाड?

हे हॉलीच्या कुळातले, पण पानगळीचे झुडूप आहे. शास्त्रीय नाव आयलेक्स व्हर्टिसिलाटा. ते मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले असून कॅनडातील न्यूफाउंडलंडपासून पश्चिमेला मिनेसोटापर्यंत आणि दक्षिणेला अलाबामापर्यंत दलदलीच्या कडेला, ओढ्याकाठी आणि ओलसर जंगलात आपोआप उगवते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातले होते; पुढे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी ते हॉलीच्या प्रजातीत आणले.

नाताळच्या भेटकार्डांवर काटेरी, चकाकत्या पानांची जी हॉली असते ती सदाहरित असते. विंटरबेरीची पाने मऊ असतात, त्यांना काटे नसतात आणि ती शरद ऋतूत गळून जातात. ही पानगळ हाच तिचा मोठा गुण आहे, कारण सप्टेंबरपासून लाल होत आलेली फळे तोपर्यंत पानांआड अर्धी झाकलेली असतात आणि पाने गेली की फांद्यांवर दुसरे काहीच उरत नाही. फाल्गुनातला पळस पाने टाकून केवळ फुलांनी पेटतो, तसेच हे झुडूप डिसेंबरमध्ये केवळ फळांनी पेटते. एकेक फळ जेमतेम पाव इंचाचे असते, मात्र ती फांदीला चिकटून इतकी दाटीने येतात की दुरून पाहताना सुटे फळ दिसत नाही, लाल रेघच दिसते.

झाड तीन वर्षांचे झाले, पाने भरपूर आहेत, पण एकही फळ नाही. काय चुकले?

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि दहांतल्या नऊ वेळा उत्तर एकच असते: जवळपास नर झाड नाही. ज्यांनी गावाकडे परसात पपई लावली आहे त्यांना हे चटकन समजते. पपईत जशी नर झाडे आणि मादी झाडे वेगळी असू शकतात, तशी विंटरबेरीत ती नेहमीच वेगळी असतात. फळे फक्त मादी झाडाला लागतात, आणि तीही जवळ त्याच वेळी फुललेला नर असेल, मधमाश्या व इतर कीटकांनी त्याचे पराग मादीच्या फुलांवर आणून टाकले असतील, तरच.

माझी पहिली दोन झुडपे अशीच वांझ राहिली. ज्या रोपवाटिकेतून ती आणली, तेथे कुंडीवरच्या चिठ्ठीवर फळांनी लगडलेल्या फांदीचे मोठे चित्र होते, नराचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता, आणि विचारावे हे मलाही सुचले नाही. तीन हिवाळे मी जमीन, खत आणि पाणी यांनाच दोष देत राहिले. चौथ्या वर्षी वसंतात एक नर आणून लावला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फांद्या लाल झाल्या. म्हणून पहिला सल्ला हाच, की रोप घेताना जातीचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच फेरीत तिचा नरही घ्यावा. ज्या रोपावर नुसते ‘विंटरबेरी’ असे लिहिले आहे, जातीचे नाव नाही, ते घेऊ नये. बियांपासून वाढवलेले असे रोप नर निघेल की मादी हे फुले येईपर्यंत सांगता येत नाही.

कोणत्या मादीला कोणता नर लागतो?

नर हवा एवढे पुरेसे नाही, तो मादीच्याच वेळेस फुलायला हवा. विंटरबेरीच्या जाती ढोबळमानाने लवकर फुलणाऱ्या आणि उशिरा फुलणाऱ्या अशा दोन गटांत पडतात. लवकर फुलणाऱ्यांत ‘रेड स्प्राइट’ ही तीन ते पाच फुटांची बुटकी मादी लहान अंगणासाठी उत्तम आहे आणि तिच्यासाठी ‘जिम डँडी’ हा नर घ्यावा. उशिरा फुलणाऱ्यांत ‘विंटर रेड’ ही जात सर्वांत भरवशाची समजली जाते. ती सहा ते नऊ फूट वाढते, तिची फळे बहुतेक हिवाळाभर टिकतात आणि तिचा जोडीदार ‘सदर्न जंटलमन’. वॉशिंग्टनच्या यूएस नॅशनल आर्बोरेटम या राष्ट्रीय वृक्षोद्यानाने १९७० च्या दशकात प्रसारित केलेली ‘स्पार्कलबेरी’ ही जपानी विंटरबेरीशी केलेल्या संकरातून आलेली उंच जात आहे; तिला ‘अपोलो’ किंवा ‘सदर्न जंटलमन’ चालतो.

उत्तरेकडे उन्हाळा आखूड असल्याने दोन्ही गटांचा बहर थोडाफार एकमेकांत मिसळतो, त्यामुळे जोडी चुकली तरी कधी कधी फळे धरतात. दक्षिणेकडे जावे तसे हे अंतर वाढते. ज्यांना जागा आहे त्यांनी दोन्ही नर लावून ठेवावेत, म्हणजे पुढे कोणतीही मादी आणली तरी चिंता राहत नाही.

एक नर किती झाडांना पुरतो, आणि तो किती जवळ असावा?

सहा ते दहा माद्यांना एक नर पुरतो. अंतर पन्नास फुटांच्या आत असावे. त्याला शेजारीच लावण्याची गरज नाही. नराला फळे येत नसल्यामुळे तो घराच्या कडेला किंवा कुंपणालगत मागच्या रांगेत लावावा आणि दिसणारी जागा मादीला द्यावी. शेजाऱ्यांच्या अंगणातला नरही चालतो, मात्र त्यांनी तो उपटला तर आपली फळे जातात, हे ध्यानात ठेवावे.

चिठ्ठी हरवली आहे. झाड नर आहे की मादी, हे कसे ओळखावे?

त्यासाठी फुले यावी लागतात. न्यू जर्सीत ती जूनच्या सुमारास येतात आणि पानांच्या बगलेत इतकी लहान, पांढरट असतात की मुद्दाम वाकून पाहिल्याखेरीज लक्षात येत नाहीत. एक फांदी हलकेच वळवून पानाखालचा भाग उजेडाकडे धरावा आणि साधे भिंग घ्यावे. मादीच्या फुलाच्या मधोमध मोहरीएवढा हिरवा गोळा दिसतो. तो अंडाशय, पुढे त्याचेच फळ होते. त्याच्याभोवती पुंकेसर असतात, पण ते खुरटलेले असतात, त्यांवर पराग नसतात. नराच्या फुलात मधला हिरवा गोळा नावापुरता असतो आणि पिवळसर परागांनी माखलेले पुंकेसर ठळक दिसतात. नराची फुले सहसा जास्त दाट झुबक्यात येतात. एकदा हा हिरवा गोळा ओळखता आला की पुन्हा भिंग लागत नाही.

जमीन कशी हवी?

आम्लधर्मी आणि ओल धरणारी. सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान असावा. जी माणसे ब्लूबेरी, अझेलिया किंवा ऱ्होडोडेंड्रॉन चांगली वाढवतात, त्यांची जमीन विंटरबेरीला आवडेल. जमीन अल्कधर्मी असेल तर पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी खत वाढवून काही साधत नाही. आधी माती परीक्षण करून घ्यावे. ते बहुतेक राज्यांत तेथील कृषी विद्यापीठाच्या विस्तार सेवेमार्फत माफक शुल्कात होते. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा हे काम करते. गरज दिसली तर गंधकाने सामू हळूहळू खाली आणावा. घराच्या पायाला अगदी खेटून झुडूप लावू नये, कारण तेथे सिमेंटमधल्या चुन्यामुळे सामू वर गेलेला असतो.

निचऱ्याच्या बाबतीत मात्र या झाडाचा स्वभाव बागेतल्या इतर झाडांच्या उलट आहे. अंगणाचा जो कोपरा पावसानंतर दोन दोन दिवस चिखलाचा राहतो, छपराच्या पन्हळीचे पाणी जेथे साचते, जेथे गुलाब कुजला आणि लव्हेंडर मेली, ती जागा विंटरबेरीला द्यावी. चिकणमातीही तिला चालते. तिला सोसत नाही ती कोरडी, वाळूसारखी जमीन. पाणी साचते म्हणून हजारो डॉलर खर्चून चर खणणाऱ्या घरमालकांनी त्याआधी त्या जागी चार विंटरबेरी लावून पाहाव्यात, असे मला मनापासून वाटते; त्या पाणी काढून टाकणार नाहीत, पण ती जागा कामाला लावतील.

ऊन किती लागते?

अर्ध्या सावलीत झाड जगते आणि वाढतेही, पण फळे उन्हाच्या प्रमाणात लागतात. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळाल्यास फांद्या भरतात.

केव्हा आणि कसे लावावे?

वसंताच्या सुरुवातीला किंवा शरद ऋतूत, जमीन गोठण्याच्या किमान सहा आठवडे आधी. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद करावा, खोली मात्र गड्ड्याएवढीच ठेवावी. कुंडीत मुळे गोल गोल फिरलेली असतील तर ती बोटांनी मोकळी करावीत. भर घालून झाल्यावर भरपूर पाणी द्यावे आणि दोन ते तीन इंचांचे आच्छादन घालावे. त्यासाठी पाइनच्या सुया, कुजलेली पाने किंवा सालीचा भुगा चालतो. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडू देऊ नये, नंतर झाड बरेचसे आपले आपण सांभाळते. खताची फारशी गरज नसते. वसंतात एक थर कंपोस्ट पुरे. हिरवळीसाठी वापरले जाणारे नत्रयुक्त खत जवळपास टाकल्यास पाने माजतात आणि फळे कमी होतात.

थंडीची काळजी करू नये. उणे ३० अंश फॅरनहाइटच्याही खाली पारा जाणाऱ्या मिनेसोटासारख्या भागांत हे झाड रानात उभे असते.

छाटणी केव्हा करावी?

हिवाळा संपताना, नवी फूट येण्याआधी, म्हणजे पक्ष्यांनी फळे संपवल्यानंतर. सर्वांत जुन्या, जाड झालेल्या दोन-तीन फांद्या दर वर्षी जमिनीलगत कापाव्यात, म्हणजे झुडूप आतून मोकळे राहते. कुंपणाची मेंदी कापतात तसे ते वरून सपाट कापू नये. त्याचा मूळचा घाट जातो आणि त्या वर्षीचा बहुतेक बहरही जातो. बुडाशी धुमारे फुटतात आणि कालांतराने झुडपाचे दाट बेट होते. बेट नको असेल तर धुमारे काढून टाकावेत. ओल्या उतारावर मात्र ते राहू द्यावेत, मुळे माती धरून ठेवतात.

नर आणि मादी दोन्ही आहेत, जोडीही बरोबर आहे, तरी यंदा फळे कमी का?

जूनच्या बहरात आठवडाभर पाऊस लागला असेल तर मधमाश्या बाहेर पडत नाहीत. उशिराच्या कडक थंडीने कोवळी फूट करपली असेल, किंवा जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचा ताण पडून धरलेली हिरवी फळे गळली असतील. रोप फार लहान असेल तर त्याला आणखी दोन वर्षे द्यावीत. आणि अंगणात डासांसाठी फवारणी करून घेत असाल तर फुलांच्या दिवसांत ती थांबवावी, कारण त्या फवारणीने परागीभवन करणारे कीटकही मरतात.

पक्षी सगळी फळे खाऊन टाकतात. जाळी घालावी का?

माझे मत विचाराल तर घालू नये. ही फळे पक्ष्यांसाठीच असतात; आपल्याला त्यांचा रंग मिळतो तो मधल्या काळात. आणि तो काळ लहान नसतो. विंटरबेरीच्या फळांत मेद कमी असतो, त्यामुळे शरद ऋतूत स्थलांतराच्या तयारीत असलेले पक्षी आधी स्पाइसबुश आणि डॉगवुड यांची मेदयुक्त फळे संपवतात आणि विंटरबेरी मागे ठेवतात. थंडीत गोठून आणि पुन्हा वितळून ती मऊ झाली, की जानेवारी-फेब्रुवारीत त्यांची पाळी येते.

आमच्याकडे हे बहुधा एकाच दुपारी घडते. बर्फ पडून दोन दिवस झालेले असतात, जमीन झाकलेली असते आणि अचानक तीस-चाळीस रॉबिन पक्षी उतरतात. काही फांद्यांवर बसून फळे तोडतात, काही खाली बर्फावर पडलेली टिपतात. त्यांच्यामागून सीडर वॅक्सविंग येतात, काळा मुखवटा घातल्यासारखे डोळे आणि शेपटीच्या टोकाला पिवळी पट्टी. ते रांगेत बसतात आणि फारसे घाबरत नाहीत. संध्याकाळपर्यंत झुडूप रिकामे होते आणि खालच्या बर्फावर लाल सालींचा सडा पडलेला असतो. पहिल्या वर्षी मला हळहळ वाटली होती. आता मी त्या दुपारची वाट पाहते.

ज्यांना रंग जास्त दिवस हवा आहे त्यांनी दोन-तीन जाती लावाव्यात, कारण पक्षी त्या एकाच वेळी संपवत नाहीत. नारिंगी-पिवळ्या फळांची ‘विंटर गोल्ड’ अनेकदा लाल फळांच्या नंतरपर्यंत टिकते, पण केवळ पिवळी लावू नये. बर्फावर लाल जे करते ते पिवळ्याला जमत नाही.

फळे विषारी आहेत का? घरात लहान मूल आहे, कुत्रा आहे.

माणसाने ती खाऊ नयेत. पोटात गेल्यास मळमळ, उलटी आणि जुलाब होऊ शकतात. कुत्र्या-मांजरांनाही तसाच त्रास होतो. चव कडू असल्याने मुले सहसा एखाद्या फळावर थांबतात, तरी रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशा जागी झुडूप लावू नये आणि कापलेल्या फांद्या घरात उंचावर ठेवाव्यात. मुलाने फळे खाल्ल्याचे कळल्यास लक्षणांची वाट न पाहता विषबाधा मदतवाहिनीला किंवा डॉक्टरांना फोन करावा.

हरणे आणि ससे?

हरणे कोवळी फूट खातात, पण होस्टा किंवा ट्युलिपवर तुटून पडतात तशी यावर पडत नाहीत. ससे हिवाळ्यात लहान रोपांची साल कुरतडतात. पहिली दोन-तीन वर्षे बुडाभोवती तारेची दोन फूट उंच जाळी लावावी.

लाल फळांसाठी बारबेरी किंवा नंदिना स्वस्तात मिळते. ती का लावू नये?

जपानी बारबेरी अंगणातून निसटून जंगलात पसरते आणि तिच्या दाट, दमट जाळ्यांत लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी जास्त सापडतात, असे कनेक्टिकटमधील अभ्यासांत दिसून आले आहे. ओरिएंटल बिटरस्वीटची वेल मोठमोठ्या झाडांना आवळून मारते. शोभेसाठी तिच्या फांद्या आणून नंतर कचऱ्यात टाकल्या तरी तिचे बी पसरते. नंदिनाच्या फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात आणि २००९ मध्ये जॉर्जिया राज्यात ती पोटभर खाल्लेले सीडर वॅक्सविंग मेल्याची नोंद आहे. विंटरबेरी या मातीतलीच आहे, तिच्यामुळे यांपैकी काहीही घडत नाही. दोन-चार डॉलर वाचवण्यासाठी हा सौदा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरच्या घरी नवी रोपे करता येतात का?

बियांपासून करता येतात, पण बीजातला अंकुर अपक्व असल्याने उगवायला दोन-दोन वर्षे लागू शकतात, आणि नर की मादी हे नशिबावर. छाटकलम सोपे पडते. जून-जुलैमध्ये चालू हंगामाची चार-सहा इंचांची कोवळी फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात बुडवावे आणि ओलसर पीट व पर्लाइटच्या मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी. काही आठवड्यांत मुळे धरतात. कलम मूळ झाडाचेच असल्याने मादीची मादीच निघते. मात्र काही नव्या जातींवर पेटंट असते. त्यांची कलमे करण्यास परवानगी नसते.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, हे झाड लावता येईल का?

मी तसा सल्ला देणार नाही. या झाडाला दीर्घ, कडाक्याचा हिवाळा लागतो आणि आम्ल, सतत ओली जमीन लागते. दख्खनची काळी माती अल्कधर्मी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. शिवाय परवान्याविना रोप किंवा बी भारतात नेणे बेकायदा आहे. हॉलीच्या कुळाचे दर्शन भारतात घ्यायचे असेल तर हिमालयात आयलेक्स डिपायरीना ही सदाहरित, लाल फळांची हॉली रानात वाढते.

फांद्या कापून सजावटीसाठी वापरता येतात का?

अवश्य. नेदरलँड्समध्ये तर फुलांच्या बाजारासाठी या फांद्यांची शेती होते. पाने पूर्ण गळल्यावर, म्हणजे आमच्याकडे दिवाळी उलटून गेल्यावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, धारदार कात्रीने कळीच्या किंचित वर तिरपा काप द्यावा. एका झुडपाच्या चौथाईहून जास्त फांद्या एका वर्षी घेऊ नयेत. दाराबाहेरच्या कुंडीतली झेंडूची झाडे थंडीने गेली की त्याच ओल्या मातीत या फांद्या खोचाव्यात. माती गोठली की त्या घट्ट बसतात आणि फळे आठवडेच्या आठवडे ताजी दिसतात. घरातल्या हीटिंगच्या कोरड्या हवेत ती लवकर सुरकुततात आणि गळतात, म्हणून फांद्या व्हेंटपासून दूर, जिन्याखाली किंवा थंड खोलीत ठेवाव्यात. मी संक्रांतीला हळदीकुंकवासाठी येणाऱ्या बायकांच्या स्वागताला दारातल्या कुंडीत त्या ठेवते; तोवर पक्षी तिथे पोहोचलेले नसतील, तर.